फॉरमॅट मारण्याआधी मेल कुठे साठतो ते पाहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाली. तेव्हापासून सांगलीत गणपती पेठेपासून मार्केट यार्डापर्यंत आणि तिकडे कुपवाडच्या एमआयडीसीत जुन्या मशीनवर विंडोज ११ टाकून घेण्याची, नाहीतर सरळ नवे मशीन घेण्याची लगबग चालू आहे. त्याबरोबर एक तक्रारही सर्रास कानावर येते. मशीन परत आले, टॅली आहे, फोटो आहेत, एक्सेलच्या फायली आहेत, पण जुने मेल गेले. दुकानदार म्हणतो, सगळा डेटा घेतला होता. ग्राहक म्हणतो, मग मेल कुठे? बहुतेक वेळा दोघेही खरे बोलत असतात. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि टॅलीचे फोल्डर एवढ्यालाच आपल्याकडे ‘सगळा डेटा’ म्हणतात, आणि मेल यांपैकी कशातच नसतो असे पुष्कळदा घडते. या विषयावर मराठीत नेमके असे फारसे छापून येत नाही, म्हणून पत्र लांबले तरी चालवून घ्यावे.

आधी एकच गोष्ट तपासायची : मेल पॉप पद्धतीने येतो की आयमॅप. मेलचा प्रोग्रॅम आउटलुक असेल तर त्यात फाइल, मग अकाउंट सेटिंग्ज उघडले की खात्याच्या नावापुढे ‘टाइप’च्या रकान्यात हे लिहिलेले असते. थंडरबर्ड हा प्रोग्रॅम असेल तर अकाउंट सेटिंग्जमधल्या सर्व्हर सेटिंग्जमध्ये दिसते. पोर्ट ९९५ असेल तर पॉप, ९९३ असेल तर आयमॅप. आयमॅपमध्ये मेल सर्व्हरवर असतो आणि मशीनवर त्याची फक्त छबी असते. पॉपमध्ये मेल सर्व्हरवरून उतरवून मशीनवर आणला जातो आणि थोड्या दिवसांनी सर्व्हरवरून पुसला जातो. आउटलुकच्या अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये ही मुदत आपण बदलली नाही तर १४ दिवसांची असते. म्हणजे पॉप खात्याचा गेल्या वर्षीचा मेल जगात एकाच ठिकाणी आहे, आणि ते ठिकाण म्हणजे तुम्ही फॉरमॅटला दिलेली हार्डडिस्क.

पॉपमध्ये पाठवलेल्या मेलचे हाल तर आणखी. ‘सेंट’चा फोल्डर मशीनवरच तयार होतो, सर्व्हरला त्याचा पत्ताच नसतो. अपवाद जीमेलचा : त्याच्या सर्व्हरमधून पाठवलेल्या मेलची प्रत तो स्वतः ठेवून घेतो. कंपनीच्या नावाचा मेल एखाद्या होस्टिंगवाल्याकडून (मेलचा सर्व्हर भाड्याने देणाऱ्याकडून) घेतलेला असेल, आणि सांगलीतल्या हळद-बेदाण्याच्या व्यापाऱ्यांकडे व छोट्या कारखान्यांकडे तो बहुधा तसाच असतो, तर पाठवलेल्या कोटेशनची नक्कल मशीन सोडून कुठेही नाही असे धरून चालावे.

आयमॅपवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. आउटलुक २०१३ पासून पुढे आयमॅप खात्याचे कॉन्टॅक्ट्स आणि कॅलेंडर सर्व्हरवर जात नाहीत. त्या फोल्डरांच्या नावापुढे कंसात ‘धिस कम्प्यूटर ओन्ली’ असे बारीक अक्षरात लिहिलेले असते, पण ते कोण वाचतो? फॉरमॅटनंतर मेल आपोआप परत उतरतात, सगळे खूश होतात, आणि आठवड्याने लक्षात येते की पंधरा वर्षांत जमवलेली गिऱ्हाइकांची यादी गेली. ही दोन फोल्डर आधीच पीएसटी फाइलमध्ये (आउटलुक मेल, पत्ते वगैरे ज्या फाइलमध्ये साठवते तिच्यात) एक्स्पोर्ट करून घ्यावी लागतात.

आता फायली कुठे असतात ते. आउटलुक २०१० पासून पॉप खात्याची पीएसटी फाइल डॉक्युमेंट्समधल्या ‘आउटलुक फाइल्स’ या फोल्डरात असते, त्यामुळे ती बहुधा कॉपीत येते. पण मशीन जुने असेल आणि २००७ वरून चढत चढत आले असेल, तर फाइल अजून जुन्याच जागी, म्हणजे ॲपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, आउटलुक या वाटेवर बसलेली असते. ॲपडेटा हे लपवलेले फोल्डर आहे. एक्स्प्लोररमध्ये ते साध्या नजरेला दिसत नाही, म्हणून कॉपी करणाऱ्या मुलाला ते तिथे आहे हेच कळत नाही. विंडोजचे स्वतःचे फाइल हिस्टरी हे बॅकअपचे साधनही आपण सांगितल्याशिवाय तिकडे फिरकत नाही. थंडरबर्डचा तर सगळा संसारच ॲपडेटा, रोमिंग, थंडरबर्ड, प्रोफाइल्स इथे असतो. विंडोज आणि आर ही बटणे एकत्र दाबून उघडणाऱ्या रन चौकटीत टक्क्याच्या दोन चिन्हांमध्ये ॲपडेटा असे इंग्रजीत टाइप करून एंटर मारले की रोमिंग फोल्डर थेट उघडते. आउटलुकमध्ये शोधत बसण्याचे कारण नाही : अकाउंट सेटिंग्जमधल्या ‘डेटा फाइल्स’ टॅबवर प्रत्येक फाइलचा पूर्ण पत्ता असतो. तो मोबाइलने फोटो काढून ठेवावा. काहींची पीएसटी डी ड्राइव्हवर निघते, काहींच्या तीन-तीन निघतात.

मेलबरोबर आणखी दोन चिल्लर गोष्टी न्यायच्या असतात, ज्यांच्यावाचून पुढे अडते. एक, सह्या. त्या पीएसटीत नसतात, ॲपडेटा, रोमिंग, मायक्रोसॉफ्टमध्ये ‘सिग्नेचर्स’ नावाचे वेगळे फोल्डर असते. दुसरे, मेल आपोआप वेगवेगळ्या फोल्डरांत टाकणारे नियम. रूल्सच्या खिडकीतल्या ऑप्शन्समधून त्यांची वेगळी फाइल काढून ठेवता येते. पासवर्ड मात्र आउटलुकमधून नेता येत नाहीत, ते त्या विंडोजला बांधलेले असतात. आधी लिहून घ्यावेत. मेलचा पासवर्ड पाच वर्षांपूर्वी ज्याने टाकला तो नोकरी सोडून पुण्याला गेलेला असतो.

प्रत घेताना चुका ठरावीक असतात. आउटलुक उघडे असताना पीएसटी कॉपी होत नाही किंवा अर्धवट होते. खिडकी बंद केली तरी प्रोग्रॅम मागे चालू राहू शकतो, म्हणून टास्क मॅनेजरमध्ये आउटलुकचे नाव गेलेले पाहूनच कॉपी सुरू करावी. दुसरी चूक पेनड्राइव्हची. बाजारात मिळणारे बरेच पेनड्राइव्ह फॅट३२ वर फॉरमॅट केलेले असतात आणि त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावतच नाही. ड्राइव्ह ६४ जीबीचा रिकामा असला तरी ६ जीबीची पीएसटी तो नाकारतो. रात्री पन्नास फायली एकदम कॉपीला लावून घरी गेलेल्या माणसाच्या नजरेतून तो एरर सुटतो, आणि नेमकी मेलची फाइल मागे राहते. पेनड्राइव्ह एक्सफॅट किंवा एनटीएफएसवर घ्यावा. कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फायलींवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधला बाइटचा आकडा शेवटच्या अंकापर्यंत जुळवावा. ‘साधारण तेवढीच दिसते’ हे चालत नाही.

आणि खरी परीक्षा त्यानंतरची. ती प्रत दुसऱ्या मशीनवर नेऊन आउटलुकच्या ‘ओपन आउटलुक डेटा फाइल’मधून उघडावी. सर्वांत जुना मेल, काल आलेला मेल आणि मोठ्या अटॅचमेंटचा एखादा मेल उघडून पाहावा. ‘सेंट’मध्येही डोकवावे. हे झाल्याशिवाय जुन्या डिस्कला हात लावू नये. बॅकअप असणे आणि तो उघडणे यांत जो फरक आहे तो फॉरमॅटनंतर कळून उपयोग नसतो, मग वरातीमागून घोडे.

मशीन चालू होत नसल्यामुळेच फॉरमॅटला आले असेल तर गोष्ट वेगळी. अशा वेळी डिस्क काढून केबलने दुसऱ्या मशीनला जोडतात आणि यूजर्स फोल्डरातून फायली उचलतात. परवानगी नाही असा निरोप आला तर ‘कंटिन्यू’ दाबून थोडे थांबावे लागते, एवढेच. पण अलीकडच्या लॅपटॉपवर विंडोज ११ डिस्क स्वतःहून एन्क्रिप्ट करते, म्हणजे कुलूपबंद करते, मालकाला न विचारता. मग डिस्क जोडल्यावर ती ४८ आकड्यांची बिटलॉकर की मागते. ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप पहिल्यांदा चालू केला त्यात ती बहुधा साठवलेली असते. ते खाते दुकानातल्या कोणीतरी डेमोसाठी काढले असेल आणि त्याचा पासवर्ड कुणालाच ठाऊक नसेल, तर चांगली धडधाकट डिस्कही बंद तिजोरी ठरते. लॅपटॉप धड चालत असताना ही की काढून कागदावर लिहून ठेवणे पाच मिनिटांचे काम आहे.

‘रिकव्हरी’ हा शब्दही सैल वापरला जातो. सिस्टिम रिस्टोअर फक्त विंडोज आणि प्रोग्रॅम मागच्या तारखेला नेते, डॉक्युमेंट्सना हात लावत नाही. ‘रीसेट धिस पीसी’मधला ‘कीप माय फाइल्स’ हा पर्याय वैयक्तिक फायली ठेवतो पण प्रोग्रॅम काढून टाकतो, आणि ॲपडेटातल्या मेलच्या बाबतीत त्याच्यावर विसंबू नये. कंपनीच्या रिकव्हरी पार्टिशनमधून मशीन ‘फॅक्टरी’ला नेले तर सी ड्राइव्ह साफ. पार्टिशन फॉरमॅट न करता त्यावरच नवे विंडोज चढवले असेल तर मात्र नशीब : सी ड्राइव्हवर ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाचे फोल्डर तयार होते आणि त्यातल्या यूजर्समध्ये जुना ॲपडेटा जसाच्या तसा मिळतो. पण हे फोल्डर विंडोज साधारण दहा दिवसांनी स्वतःच काढून टाकते, आणि डिस्क क्लीनअप चालवणारा उत्साही माणूस त्याआधीच. मेल दिसत नाहीत असे लक्षात आल्याबरोबर पहिल्यांदा तिथे पाहावे.

आता परत बसवण्याचे काम. सुरुवातीला नेटची वायर काढून ठेवावी. लोकांना हे विचित्र वाटते, पण बहुतेक गोंधळ नेट चालू असताना घाईने खाते जोडण्यातून होतो.

आउटलुकच्या पॉप खात्यासाठी : विंडोज ११ बरोबर येणारे ‘न्यू आउटलुक’ वापरू नये, त्यात पीएसटीची सोय अपुरी आहे. ऑफिसबरोबरचे क्लासिक आउटलुक टाकून घ्यावे, पण लगेच उघडू नये. पीएसटी पेनड्राइव्हवरून थेट उघडू नये, आधी डिस्कवर आणावी. कुठे ठेवायची हेही महत्त्वाचे. विंडोज ११ डॉक्युमेंट्स फोल्डर परस्पर वनड्राइव्हला (मायक्रोसॉफ्टच्या नेटवरच्या साठवणीला) जोडून देते, आणि ८ जीबीची सतत बदलणारी फाइल ५ जीबीच्या मोफत वनड्राइव्हवर चढवण्याचा खटाटोप दिवसभर चालू राहतो. डी ड्राइव्हवर ‘मेल’ नावाचे साधे फोल्डर करावे. नेटवर्कवरच्या दुसऱ्या मशीनवरही पीएसटी ठेवू नये, तिची मोडतोड होते. फाइल सीडी किंवा डीव्हीडीवरून आलेली असेल तर प्रॉपर्टीजमधली ‘रीड ओन्ली’ची खूण काढावी, नाहीतर आउटलुक ती उघडतच नाही आणि फाइल खराब झाली असा समज होतो.

मग कंट्रोल पॅनेलमधल्या ‘मेल’वर जाऊन तिथून खाते जोडावे. आउटलुक उघडून जोडले तर ते पुष्कळदा स्वतःच्या मनाने आयमॅप लावते. कंट्रोल पॅनेलच्या वाटेने हाताने सेटिंग भरायचा पर्याय निवडला की त्याच पानावर ‘डिलिव्हर न्यू मेसेजेस टू’ असे दिसते. तिथे ‘एक्झिस्टिंग आउटलुक डेटा फाइल’ निवडून डीवरची पीएसटी दाखवावी. ही एक निवड चुकली की आउटलुक नवी कोरी पीएसटी तयार करते. मग जुनी फाइल वेगळी उघडली तरी नवे मेल नव्या फाइलमध्ये पडत राहतात, आणि पुढच्या फॉरमॅटला कोणीतरी एकच फाइल उचलतो. इम्पोर्टचा मार्ग आम्हाला पसंत नाही. त्याने सगळ्याची दुसरी नक्कल होते, जागा दुप्पट लागते, आणि ‘डुप्लिकेट्स’बद्दलचा पर्याय न वाचता पुढे गेले की काय झाले ते कळत नाही. आहे ती फाइल जोडून घेणे सरळ.

त्याच पानावरचे ‘मोअर सेटिंग्ज’ पहिल्या सेंड-रिसिव्हच्या आधी उघडावे. ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये येणारे पोर्ट ९९५, एसएसएल (मेलची वाट सुरक्षित ठेवणारी सोय) चालू, जाणारे ४६५ किंवा ५८७, आणि ‘लीव्ह अ कॉपी ऑन सर्व्हर’ची खूण. ‘आउटगोइंग सर्व्हर’ या टॅबवर ‘रिक्वायर्स ऑथेंटिकेशन’ची खूण. मेल येतात पण जात नाहीत असा फोन आला की या खुणेकडे आधी पाहावे. दहापैकी बरेच फोन तिथेच मिटतात.

आता नेट जोडले की एक धक्का ठरलेला. कुठला मेल आधी उतरवला आहे हे नव्याने जोडलेल्या खात्याला ठाऊक नसते, म्हणून सर्व्हरवर शिल्लक असलेले सगळे मेल पुन्हा उतरतात. १४ दिवसांची मुदत असेल तर तेवढेच दुहेरी होतात, ते हाताने पुसता येतात. पण ‘कधीच पुसू नका’ असे ठेवले असेल तर वीस हजार मेल दुहेरी होऊन बसतात. यावर साधा उपाय आहे. नेटची वायर जोडण्याआधी मोबाइलवरून होस्टिंगच्या वेबमेलमध्ये लॉगिन करावे, इनबॉक्समध्ये ‘जुने’ नावाचे फोल्डर करून पीएसटीत आधीच असलेले मेल त्यात हलवावेत. पॉप फक्त इनबॉक्स पाहते, बाकी फोल्डरांना शिवत नाही. जीमेलमध्ये सेटिंग्जच्या पॉपच्या पानावर ‘आजपासून येणाऱ्या मेलसाठी’ असा वेगळा पर्याय आहे, तो घ्यावा.

जीमेलचा नेहमीचा पासवर्ड जुने आउटलुक घेत नाही, आणि तो चुकला असे समजून लोक बदलत सुटतात. पासवर्ड बरोबरच असतो. वैयक्तिक खात्यांसाठी गूगलने ती साधी वाट ३० मे २०२२ पासून बंद करायला घेतली. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून १६ अक्षरी ॲप पासवर्ड काढायचा आणि तोच आउटलुकमध्ये टाकायचा. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या हॉटमेल-आउटलुक डॉट कॉम खात्यांसाठी तर १६ सप्टेंबर २०२४ पासून नव्या पद्धतीचे लॉगिनच लागते, ऑफिस २०१० सारख्या आवृत्त्यांना ते येत नाही. तिथे ऑफिस बदलणे किंवा थंडरबर्डला जाणे हेच उरते.

पीएसटी उघडताना एरर आला तर स्कॅनपीएसटी हे दुरुस्तीचे साधन ऑफिसबरोबरच येते, प्रोग्रॅम फाइल्समधल्या ऑफिसच्या फोल्डरात असते. विकत काही घ्यावे लागत नाही. आधी फाइलची वेगळी प्रत काढावी आणि दुरुस्ती त्या प्रतीवर करावी. एकदा चालवून थांबू नये, ‘एरर नाही’ असे येईपर्यंत पुन्हा पुन्हा चालवावे. मोठ्या फाइलला तास लागतात. ज्या मेलचा फोल्डर हरवलेला असतो ते ‘लॉस्ट अँड फाउंड’मध्ये जमा होतात, तिथे जरूर पाहावे. आउटलुक २००२ किंवा त्याआधी तयार झालेल्या पीएसटीची मर्यादा २ जीबी असते, ती भरत आली की फाइल मोडते. अशी फाइल हाती आली तर तीच पुढे ओढू नये, नवी पीएसटी करून मेल तीत घ्यावेत. इम्पोर्टचा खरा उपयोग इथे. नव्या फाइलची मर्यादा आउटलुक २०१० पासून ५० जीबी आहे, पण २० च्या पुढे गेलेली फाइल वर्षावार फोडलेली बरी.

मेल सगळे आहेत पण शोधल्यावर सापडत नाहीत, ही तक्रार दुसऱ्या दिवशी येते. विंडोजची शोधयादी नव्याने तयार होत असते, तिला वेळ लागतो. मशीन रात्रभर चालू ठेवावे. आणखी एक, खास आपल्याकडचे : जुन्या मेलला जोडलेल्या मराठी पत्रांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा रेंदा दिसतो आणि ‘रिकव्हरीत डेटा करप्ट झाला’ अशी बोंब होते. श्रीलिपीसारखा जुना फाँट नव्या विंडोजवर टाकलेला नसतो, एवढेच त्याचे कारण. फाँट टाकला की पत्र जागेवर.

थंडरबर्डचे काम आउटलुकपेक्षा सोपे, कारण खाती, पासवर्ड, पत्ते, मेल सगळे एकाच प्रोफाइल फोल्डरात असते. (म्हणूनच ते फोल्डर असलेला पेनड्राइव्ह कुणाच्याही हाती देऊ नये.) जुनी होती तीच किंवा तिच्यापुढची आवृत्ती टाकावी. मागची टाकली तर नव्या आवृत्तीने वापरलेले प्रोफाइल ती उघडत नाही. जुने फोल्डर प्रोफाइल्समध्ये ठेवावे, रन चौकटीत थंडरबर्डपुढे डॅश आणि मोठा पी लिहून प्रोफाइल मॅनेजर उघडावा, नवे प्रोफाइल करताना ‘चूज फोल्डर’ने ते जुने फोल्डर दाखवावे. इथे चूक एकच होते : कॉपी करताना फोल्डरच्या आत फोल्डर पडते, बाहेरचे दाखवले जाते आणि थंडरबर्ड नव्याने खाते विचारते. ज्या फोल्डरात प्रेफ्स डॉट जेएस ही फाइल दिसते तेच खरे प्रोफाइल.

एखादाच फोल्डर वाचला असेल तरी चालते. थंडरबर्ड ‘इनबॉक्स’, ‘सेंट’ अशा नावांच्या, एक्स्टेन्शन नसलेल्या मोठ्या फायलींत मेल ठेवते. त्यांच्या जोडीला असलेल्या एमएसएफ फायली ही नुसती सूची, ती गेली तरी काही बिघडत नाही, पुन्हा तयार होते. थंडरबर्ड बंद करून वाचलेली इनबॉक्स फाइल वेगळ्या नावाने, उदाहरणार्थ जुना-२०२३, मेल फोल्डरमधल्या ‘लोकल फोल्डर्स’मध्ये टाकली की उघडल्यावर डावीकडे त्या नावाचा फोल्डर हजर होतो.

एक धोका मात्र नीट ध्यानात घ्यावा. आयमॅप खाते असेल आणि मधल्या काळात होस्टिंगवाला बदलला असेल, तर नव्या सर्व्हरवरची पेटी रिकामी असते. वाचवलेले प्रोफाइल नेटसकट उघडले की थंडरबर्ड इमानेइतबारे सर्व्हरशी जुळवून घेते आणि मशीनवरचे मेलही पुसते. म्हणून प्रोफाइल नेटशिवाय उघडावे, ‘वर्क ऑफलाइन’ करावे, आयमॅपच्या फोल्डरांतले मेल ‘लोकल फोल्डर्स’मध्ये कॉपी करावेत, आणि मगच वायर जोडावी. आउटलुकच्या ओएसटी फायलीचीही जात अशीच. ती त्या मशीनच्या त्या खात्याची छबी असते, दुसऱ्या मशीनवर नेऊन उघडत नाही. सर्व्हर जिवंत असेल तर तिची गरजच नाही. सर्व्हर गेला असेल तर ती पीएसटीत बदलून देणारी साधने विकत मिळतात. पैसे देण्याआधी त्याच्या फुकट डेमोत आपले फोल्डर आणि मेलचे विषय खरेच दिसतात का ते पाहावे.

बॅकअप नव्हताच आणि डिस्क फॉरमॅट झाली, तर पहिली गोष्ट मशीन बंद करणे. जुनी फिरती हार्डडिस्क असेल आणि क्विक फॉरमॅट मारला असेल तर मजकूर बराचसा जागेवर असतो, त्यावर काही लिहिले नाही तर सापडू शकतो. एसएसडी (न फिरणारी, चिपवरची डिस्क) असेल तर ट्रिम नावाची सोय रिकाम्या झालेल्या जागा मागच्या मागे साफ करून टाकते, तिथे आशा जवळपास नाही. मोबाइलवर तेच खाते लावलेले असेल तर फोन आधी एअरप्लेन मोडवर टाकून त्यात काय आहे ते पाहावे.

यासाठीच आमचे स्पष्ट मत असे की, जुनी डिस्क फॉरमॅट करूच नये. नवी एसएसडी घालावी, विंडोज तिच्यावर टाकावे आणि जुनी डिस्क नावाची चिठ्ठी लावून कपाटात ठेवावी. एक्स्चेंजमध्ये मशीन देणाऱ्यांनी डिस्क काढून घेऊनच सीपीयू द्यावा. कपाट मात्र तळमजल्यावरचे नको. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेले तेव्हा मशीनही बुडाले आणि त्याच टेबलाच्या खणातली बॅकअपची डिस्कही. गावभाग-मारुती चौकातल्यांनी एक प्रत विश्रामबागेला किंवा मिरजेला कुणा नातेवाइकाकडे ठेवावी.

जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणाच्या देय तारखेपासून ७२ महिने ठेवावी लागतात, आणि कितीतरी बिले-ऑर्डरी आता फक्त मेलच्या अटॅचमेंटमध्येच असतात. मेल कोर्टात दाखवायची वेळ आली तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य (मजकुरावरून काढलेला, फाइल बदलली की बदलणारा संकेत) नोंदवावे लागते. नुसत्या छापील कागदावर तिथे भागत नाही, मूळ फाइल हवी.

आमच्या व्यवसायबंधूंना एक विनंती. मशीन घेताना जॉबकार्डवर मेलचा प्रोग्रॅम, पॉप की आयमॅप, फाइलचा पत्ता आणि आकार एवढे लिहून ग्राहकाची सही घ्यावी. देताना सर्वांत जुन्या मेलची तारीख त्याच्यासमोर उघडून दाखवावी. या कामाला वेळ जातो. त्याचे पैसे फॉरमॅटच्या दरात न घालता वेगळे लावावेत, आणि ग्राहकांनीही ते देताना खळखळ करू नये.

कळावे,

आपले,
संगणक दुरुस्ती व्यवसायातील दोन वाचक,
सांगली